सप्तमात मंगळ, शुक्र आणि शनी: लग्न टिकेल का?

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. तुम्ही दिलेली माहिती आधी मांडतो, म्हणजे पुढचे बोलणे सगळ्यांना समजेल. वय 33. कर्क लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला कर्क रास उगवत होती. कन्या रास, उत्तरा नक्षत्र. सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या सातव्या स्थानात, मकर राशीत मंगळ, शुक्र आणि शनी. सध्या राहूच्या महादशेत, म्हणजे राहूच्या मोठ्या कालखंडात, शुक्राची अंतर्दशा, म्हणजे पोटकाळ. जन्मवेळ आजीच्या सांगण्यावरून दुपारी चार. याआधी दोन स्थळे बैठकीपर्यंत जाऊन मोडली, त्यातल्या दुसऱ्या वेळी तुम्ही स्वतःच मागे हटलात. आता ओळखीतला एक मुलगा आहे, दोघांचीही लग्नाची इच्छा आहे, 21 गुण जुळतात, पण त्याच्या पत्रिकेत मंगळ नाही. घरच्यांनी ज्यांना पत्रिका दाखवली त्यांनी कडक मंगळ सांगितला, सप्तमात तीन ग्रह म्हणून एकापेक्षा जास्त लग्ने होतील असे सांगितले आणि मुलाच्या जिवाला धोका नको म्हणून आधी कुंभविवाह, म्हणजे कुंभाशी प्रतीकात्मक लग्न, करायला सांगितले. तुम्ही विचारले आहे की या ग्रहांमुळे लग्न टिकणार नाही का.

मला मात्र तुमचा खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत दिसला. 'माझ्यामुळे त्याचे काही बरेवाईट झाले तर?' असे तुम्ही लिहिले आहे. लग्न टिकण्याची काळजी ही त्या भीतीच्या मागून आलेली आहे. म्हणून आधी त्या ओळीचे उत्तर देतो. बायकोच्या पत्रिकेतला मंगळ नवऱ्याचा जीव घेत नाही. गेली 26 वर्षे मी पत्रिका पाहतो आहे. या काळात मंगळाच्या पत्रिका असलेली, मंगळ नसलेल्याशी लग्न झालेली आणि आज नातवंडे खेळवणारी जोडपी मी इतकी पाहिली आहेत की हे वाक्य लिहिताना माझा हात जराही अडखळत नाही. कुणाच्या मृत्यूचे भाकीत जोडीदाराच्या पत्रिकेवरून करू नये, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे आणि प्रत्येक ज्योतिषाने तो पाळावा असे मला मनापासून वाटते.

आता पत्रिकेकडे येऊ. पहिली अडचण जन्मवेळेची आहे आणि तिच्याकडे कुणीच पाहिलेले दिसत नाही. आजीच्या आठवणीतले 'चार वाजता' म्हणजे पावणेचारही असू शकते आणि सव्वाचारही. एरवी त्याने फारसे बिघडले नसते. पण तुमच्या कुंडलीत लग्न कर्केच्या तिसऱ्या अंशावर आहे. लग्नाचा एक अंश सरकायला साधारण चार मिनिटे लागतात. म्हणजे जन्म पंधरा मिनिटे आधीचा निघाला तर लग्न मिथुन होते आणि सगळी स्थाने एका घराने बदलतात. मग हे तिन्ही ग्रह सप्तमात राहतच नाहीत, ते अष्टमात जातात. सप्तमात धनू रास येते, तिथे राहू बसतो आणि सप्तमेश, म्हणजे सप्तमाचा स्वामी, होतो गुरू. तो तुमच्या पत्रिकेत सिंहेत आहे, म्हणजे मिथुन लग्नाला तृतीयात. तिथून त्याची पाचवी दृष्टी, म्हणजे बसल्या घरापासून मोजलेल्या पाचव्या घरावरचा प्रभाव, स्वतःच्याच धनू राशीवर, सप्तमावर पडते. एका पाव तासात जोडीदाराविषयीचे सगळे वाचन बदलते. ज्या पत्रिकेचे लग्नच अजून पक्के नाही, तिच्यावरून कुणाला दोन लग्ने सांगणे हे मला धाडसाचे वाटते.

तरीही कर्क लग्न बरोबर आहे असे धरून पुढे जातो, कारण तुम्हाला घाबरवले गेले ते त्याच कुंडलीवरून.

मंगळदोष म्हणजे काय, हे एकदा उलगडून पाहू. लग्नापासून 1, 4, 7, 8 आणि 12 या स्थानांत मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे असे म्हणतात. काही परंपरांत दुसरे स्थानही धरतात. यामागचा विचार दृष्टीचा आहे. मंगळाला चौथी, सातवी आणि आठवी अशा तीन दृष्टी आहेत. पहिल्या स्थानातला मंगळ सातव्या दृष्टीने सप्तमाला पाहतो, चौथ्यातला चौथ्या दृष्टीने, बाराव्यातला आठव्या दृष्टीने. सातव्यातला तर तिथेच बसलेला असतो. आठव्यातला मंगळ सप्तमाला पाहत नाही, पण कुटुंबस्थानावर म्हणजे दुसऱ्यावर त्याची पूर्ण दृष्टी असते. थोडक्यात, धग असलेला, उतावळा, भांडायला मागेपुढे न पाहणारा ग्रह संसाराच्या घराला स्पर्श करतो एवढाच याचा मूळ अर्थ. आता हिशेब करा. बारापैकी पाच स्थाने म्हणजे जवळजवळ 42 टक्के लोक. दुसरे स्थान धरले तर निम्मे. चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजायचा असा आग्रह धरला तर पाचातल्या चौघांच्या पत्रिकेत कुठून ना कुठून मंगळ निघतो. जी गोष्ट इतक्या लोकांच्या पत्रिकेत आहे, ती एकटी कुणाचे लग्न मोडू शकत नाही.

म्हणूनच जुन्या लोकांनी अपवाद सांगून ठेवले. त्यातला सर्वात जास्त वापरला जाणारा श्लोक पाच जागा सांगतो: लग्नात मेषेचा मंगळ, व्ययात म्हणजे बाराव्यात धनूचा, चतुर्थात वृश्चिकेचा, सप्तमात मकरेचा आणि अष्टमात कर्केचा. या पाच ठिकाणी मंगळाचा दोष नाही. यातली चौथी जागा तुमचीच आहे. मकर ही मंगळाची उच्च रास, म्हणजे तिथे तो सर्वात बलवान असतो. शिवाय कर्क लग्नाला मंगळ पंचमाचा आणि दशमाचा स्वामी होतो, म्हणजे एका त्रिकोणाचा (1, 5, 9) आणि एका केंद्राचा (1, 4, 7, 10), म्हणून त्याला या लग्नाचा योगकारक, म्हणजे विशेष शुभ ग्रह, म्हणतात. चंद्रापासून मोजला तर तो पाचवा येतो, तिथेही दोष नाही. शुक्राच्या बरोबरच असल्याने फक्त शुक्रापासून मोजताना तो पहिल्या स्थानी येतो. कडक मंगळ हा शब्द या पत्रिकेला कुठल्या नियमाने लावला गेला, ते मला समजले नाही.

याचा अर्थ मंगळ तिथे गप्प बसतो असा नाही. बलवान मंगळ सप्तमात असला की जोडीदार स्पष्ट बोलणारा, कर्ता, थोडा तापट असतो, किंवा या व्यक्तीला तसाच माणूस आवडतो. भांडण झाले तर आवाज चढतो. हे मी माझ्या कामात वारंवार पाहिले आहे. पण आवाज चढणे वेगळे आणि घर मोडणे वेगळे.

आता शनीकडे, कारण माझ्या मते या पत्रिकेत लग्नाची किल्ली त्याच्याकडे आहे. कर्क आणि सिंह या दोन लग्नांना सप्तमेश कायम शनीच असतो. या लग्नांच्या लोकांचा जोडीदार शनीच्या गुणांचा असावा ही त्यांच्या पत्रिकेची मूळची मांडणी आहे, ती कुणाच्या पापाची शिक्षा नव्हे. तुमचा शनी स्वतःच्या राशीत, केंद्रात आणि सप्तमात आहे, जिथे त्याला दिग्बल, म्हणजे दिशेचे बळ, मिळते. पंचमहापुरुष योग म्हणजे बलवान ग्रह केंद्रात असल्याने होणारे पाच शुभ योग; त्यातला शशयोग यातूनच होतो. त्याच राशीत उच्चीचा मंगळ केंद्रात असल्याने रुचक योगही होतो. एका घरात दोन महापुरुष योग असलेल्या कुंडलीला कुणी दुबळी म्हणत असेल, तर त्याने फक्त 'सप्तमात पापग्रह' एवढेच वाचले आहे.

सप्तमातला शनी उशीर देतो, हे खरे मानले जाते आणि माझाही अनुभव तसाच आहे. तिशीनंतर झालेली लग्ने अशा पत्रिकांत पुष्कळ दिसतात. पण शनी उशीर का देतो, हे कुणी सांगत नाही. त्याला खात्री हवी असते. माणूस नीट ओळखल्याशिवाय, जबाबदारी कोण किती घेणार हे ठरल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. एकदा शब्द दिला की मात्र मागे घेत नाही. सप्तमात एकटा शनी असलेल्या एका बाईंची पत्रिका माझ्याकडे त्यांच्या लग्नाआधी आली होती. वय 36. नात्यातल्या सगळ्यांनी आशा सोडली होती. त्यांनी पुढे वयाने बराच मोठ्या, कमी बोलणाऱ्या माणसाशी लग्न केले. काही वर्षांनी सासूबाईंच्या आजारपणात त्या माणसाने नोकरीची वेळ बदलून घेतली आणि रात्रीची शुश्रूषा स्वतःकडे घेतली, ते सांगताना त्यांचा कंठ दाटून आला होता. शनीचे प्रेम असे दिसते. ते बोलून दाखवत नाही, त्यामुळे समोरच्याला ते नाहीच असे वाटण्याचा धोका असतो. अशा पत्रिकेच्या माणसांना मी एकच सांगतो: मनात असलेले तोंडाने बोलायची सवय लावून घ्या.

मंगळ आणि शनी एकत्र असले की खरी ओढाताण होते, तिच्यावर पांघरूण घालणार नाही. मंगळ शनीला सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू, मानतो, शनी मंगळाला शत्रू मानतो. एकाला निर्णय आज हवा, दुसऱ्याला अजून सहा महिने हवेत. तुमच्या पत्रात हे अगदी स्वच्छ दिसते. दुसऱ्या स्थळाच्या वेळी पहिल्या भेटीतच होकार तुम्ही दिलात आणि बैठकीच्या आठवडाभर आधी मागेही तुम्हीच हटलात. घरच्यांनी त्याला ग्रहांचा अडथळा म्हटले. मला त्यात तुमचा स्वभाव दिसतो. आधी मंगळाने उडी घेतली, नंतर शनीने हात धरला. या मुलाच्या बाबतीत मात्र दीड वर्षाची ओळख आहे, म्हणजे शनीला हवा तो वेळ मिळालेला आहे. हा फरक मला मोठा वाटतो.

शुक्राविषयी थोडे तपशिलात लिहितो, कारण तुमच्या पत्रिकेतली सगळ्यात चांगली गोष्ट इथे आहे आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. मंगळ आणि शुक्र दोघेही मकरेच्या आठव्या-नवव्या अंशात आहेत, त्यांच्यातले अंतर एका अंशाहून कमी आहे. याला ग्रहयुद्ध म्हणतात, आणि शुक्राच्या युद्धात विजय सहसा शुक्राचाच मानला जातो. आता नवमांश पाहा. प्रत्येक राशीचे 3 अंश 20 कलांचे नऊ भाग पाडले की नवमांश होतात. मकर ही चर रास असल्याने तिचे नवमांश मकरेपासूनच सुरू होतात: पहिला मकर, दुसरा कुंभ, तिसरा मीन. 6 अंश 40 कलांपासून 10 अंशांपर्यंत मीन नवमांश असतो आणि तुमचा शुक्र नेमका तिथे आहे. मीन ही शुक्राची उच्च रास. विवाहासाठी नवमांश पाहायचाच असतो, कारण जन्मकुंडलीत दिसलेले वचन कितपत पिकते ते तिथे कळते. तुमच्या नवमांशात शुक्र उच्च, मंगळ त्याच्याबरोबर गुरूच्या राशीत आणि अठराव्या अंशावरचा शनी मिथुनेत, म्हणजे मित्राच्या घरी. बाहेरून कठोर दिसणाऱ्या सप्तमाच्या आत असा ओलावा आहे.

इथे जन्मवेळेचा पुन्हा एकदा संबंध येतो. ग्रहांचे नवमांश पाव तासाने बदलत नाहीत. शुक्राला एक नवमांश ओलांडायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून वर लिहिलेले शुक्राचे बळ तुमच्या जन्मवेळेत थोडी चूक असली तरी टिकते. नवमांशाचे लग्न मात्र साधारण तेरा मिनिटांत बदलते. ते आज मी वाचणार नाही.

स्त्रीच्या पत्रिकेत पतीचा कारक, म्हणजे निदर्शक ग्रह, गुरू आणि पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीचा कारक शुक्र असे परंपरा सांगते. मी दोघांच्याही पत्रिकेत दोन्ही पाहतो. शुक्रावरून आवड, ओढ आणि सुख कळते, आणि या गोष्टी बाईलाही हव्याच असतात. तुमचा गुरू धनस्थानात मित्राच्या राशीत, वक्री आहे. चांगला आहे, विशेष सांगण्यासारखे काही नाही.

'तीन ग्रह म्हणून तीन लग्ने' या हिशेबाबद्दल फार लिहीत नाही. तसे असते तर सप्तमात एकही ग्रह नसलेल्यांची लग्नेच झाली नसती. सप्तमात जास्त ग्रह असले की आयुष्यात नात्यांना, भागीदारीला, दुसऱ्याच्या मताला महत्त्व जास्त असते. एकाहून अधिक विवाहाचा विचार करताना सप्तमेश दुर्बळ आहे का, तो द्विस्वभाव राशीत आहे का, शुक्र पीडित आहे का, हे सगळे एकत्र पाहतात. तुमचा सप्तमेश स्वगृही, चर राशीत आणि शुक्र नवमांशात उच्च आहे.

इथवरचे सांगणे आठवणीसाठी एकदा जुळवून घ्या: लग्नरास आधी पक्की करायची आहे; कर्क धरली तर मंगळ अपवादात बसतो, शनी उशीर आणि निष्ठा दोन्ही देतो, आणि शुक्र वरवर दिसतो त्याहून पुष्कळ बलवान आहे.

आता मुलाची पत्रिका. तुम्ही तीही पाठवलीत हे बरे झाले, कारण घरी तिच्याबद्दल 'मंगळ नाही' या दोन शब्दांपलीकडे कुणी बोललेले दिसत नाही. त्याचे वृषभ लग्न, लग्नातच कृत्तिकेचा चंद्र आणि तृतीयात कर्केचा मंगळ. तिसरे स्थान दोषाच्या यादीत नाही, म्हणून ती पत्रिका निर्दोष ठरली. पण वृषभ लग्नाला सप्तमेश कोण? मंगळच. आणि कर्क ही मंगळाची नीच रास. नियमांच्या भाषेत बोलायचे तर तुमचा दोषी ठरवलेला मंगळ उच्च आहे आणि त्याचा निर्दोष ठरवलेला सप्तमेश मंगळ नीच. स्थान मोजणे आणि पत्रिका वाचणे यात एवढे अंतर आहे. घाबरू नका, त्याच्याही पत्रिकेत याला आधार आहे. कर्केचा स्वामी चंद्र लग्नी, उच्च राशीत, केंद्रात असल्याने नीचभंग होतो, म्हणजे नीचपणा रद्द होतो. मला या मंगळावरून एवढेच वाटते की हा मुलगा वाद टाळेल, रागावला तरी आत ठेवेल, आणि निर्णयाच्या वेळी घरच्यांच्या मनाचा फार विचार करेल. तुम्ही मोठ्याने बोलणाऱ्या, तो आत ठेवणारा. या जोडीत लक्ष द्यावे अशी जागा मला ही वाटते. ती मंगळ आहे किंवा नाही या प्रश्नात सापडली नसती.

21 गुणांचेही पाहू. वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, भकूट 7 आणि नाडी 8 असे मिळून 36 गुण होतात आणि 18 च्या वर गुण आले की स्थळ पुढे न्यायला हरकत नाही असे मानतात. तुमचे जे 15 गुण गेले त्यातले 13 गण आणि भकूट या दोनच कूटांत गेले. कृत्तिका राक्षसगणी आणि उत्तरा मनुष्यगणी म्हणून गणाचे सहा गेले. वृषभ आणि कन्या एकमेकींपासून पाचव्या-नवव्या येतात म्हणून नवपंचमात भकूटाचे सात गेले. पण या दोन राशींचे स्वामी शुक्र आणि बुध परस्परमित्र आहेत, आणि राशिस्वामींची मैत्री असली की भकूटाचा दोष धरत नाहीत. दोघांची नाडी एकच नाही, तो दोषही नाही. म्हणजे हे 21 गुण दिसतात त्याहून चांगले आहेत.

तरी गुणमेलनावर किती विसंबायचे? हे सगळे गुण फक्त चंद्राच्या नक्षत्रावरून येतात. सप्तम स्थान, सप्तमेश, शुक्र, दशा यातले काहीही त्यात येत नाही. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणून तुमच्याच दिवशी जन्मलेल्या बहुतेक मुलींचे या मुलाशी एवढेच गुण जुळतील. मी सुरुवातीच्या काळात याच आकड्यावर विसंबून एक चूक केली. 31 गुण, दोन्हीकडे मंगळ, सगळे छान म्हणून दोन्ही घरांना आनंदाने होकार दिला. वर्षभरात ती मुलगी माहेरी परतली. मुलाचे मन दुसरीकडे होते आणि घरच्यांच्या दबावाखाली तो उभा राहिला होता. ते पत्रिकेत दिसले नाही आणि त्याला एकट्याला बसवून विचारावे हे मला सुचले नाही. त्या मुलीच्या वडिलांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याचे ओझे आजही आहे. तेव्हापासून दोघांशी समोरासमोर बोलल्याशिवाय मी गुणमेलनाचे मत देत नाही.

दशेबद्दल विचारले आहे. राहूची महादशा 18 वर्षांची. तुमचा राहू षष्ठात धनू राशीत आहे. षष्ठातला राहू गोष्टी सहज हातात देत नाही, बोलणी लांबवतो, बाहेरच्यांची ढवळाढवळ वाढवतो. त्यात सध्याची शुक्राची अंतर्दशा तीन वर्षांची आहे आणि शुक्र सप्तमात आहे. राहूच्या सगळ्या अंतर्दशांत विवाहाला ही मला सर्वात अनुकूल वाटते. गोचरीचा, म्हणजे सध्या आकाशात फिरणारा, गुरू कर्केत आला की त्याची सातवी दृष्टी तुमच्या सप्तमावर पडते, तो काळही चांगला धरतात. तारीख मी सांगत नाही. ज्या पत्रिकेची जन्मवेळ अंदाजाची आहे, तिच्यावरून दशेच्या सीमाही थोड्या मागेपुढे होऊ शकतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या 200 पत्रिका जमवल्या, सहभागी ज्योतिषांना त्यातल्या प्रत्येकी 40 दिल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितले. 27 जणांनी उत्तरे पाठवली. निकाल नाणे उडवून मिळतो त्याहून चांगला आला नाही. ती चाचणी लग्नाविषयी नव्हती, पण माझ्या व्यवसायातल्या माणसाने ती विसरू नये असे मला वाटते. पत्रिका माझ्यासाठी माणसाशी बोलण्याची एक भाषा आहे. तिच्यातून मी स्वभावाबद्दल, भीतीबद्दल, ओढीबद्दल प्रश्न विचारू शकतो, आणि उत्तर त्या माणसानेच द्यायचे असते. जोडीदार निवडायचा की सोडायचा हा निकाल तिच्यावरून देऊ नये, माझ्याही वाचनावरून नाही.

कुंभविवाहाबद्दल माझे मत असे. घरच्यांची श्रद्धा असेल, तुमचीही असेल, मनाला शांती वाटणार असेल तर कुठलाही धार्मिक विधी करायला माझी हरकत नाही. पण 'हा विधी केला नाही तर नवरा जाईल' या धमकीखाली करू नका. तशी सुरुवात झालेल्या संसारात पुढे साधा ताप आला तरी सगळे मुलीकडे बघतात. ते मी पाहिले आहे, आणि तुम्ही लिहिलेली शेवटची ओळ वाचताना मला तेच आठवले.

तुम्ही आता दोन कामे करा असे मला वाटते. जन्म ज्या रुग्णालयात झाला तिथल्या नोंदीत किंवा आईच्या जुन्या कागदांत वेळ सापडते का पाहा. लहानपणी कुणी टिपण करून घेतले असेल तर त्यावर घटी-पळे लिहिलेली असतील, त्यावरूनही वेळ काढता येते. आणि त्या मुलाशी एकदा मोकळेपणाने बसून बोला: त्याच्या घरच्यांनी विरोध केला तर तो काय करणार आहे, राग आला की तो किती दिवस अबोला धरतो, आईवडिलांची जबाबदारी आणि पैशांचे निर्णय तुम्ही कसे वाटून घेणार. वर त्याच्या मंगळाविषयी जे लिहिले ते खरे की खोटे, हे त्याच्या उत्तरांवरून तुम्हाला माझ्याहून चांगले कळेल. बोलून झाल्यावर त्याच्या आईवडिलांना माझे हे उत्तर दाखवायचे असेल तर जरूर दाखवा. त्यांना काही शंका असतील तर त्यांनी मला थेट विचारावे, मी त्यांनाही उत्तर देईन. वेळ सापडली की कळवा, कर्क की मिथुन ते ठरवून नवमांश पुन्हा मांडू.